मॅट राखाडी किचन

फिनिशिंगमधलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी हृषिकेशची खात्री होती. जर्मनीत इंगोलश्टाटला गाड्यांचा रंग तपासण्यात त्याची नऊ वर्षं गेली होती. घर बदलायचं ठरलं तेव्हा तो बायकोला म्हणाला, "ऊर्मिला, किचनची काळजी तू सोड. दोन दिवसांत विकतो."

काळजी खरी होती. इकडे ओटा, कपाटं सगळं भाडेकरूचंच. पुढच्यानं घेतलं नाही तर आपणच उखडून न्यायचं. नव्या घरात किचन आधीच होतं आणि चाव्या परत द्यायला उरला होता एक आठवडा. त्यात नऊ वर्षांच्या फोडण्यांनी पांढरी चकचकीत दारं हळद लागलेल्या नवरदेवासारखी पिवळी झालेली.

हृषिकेशनं फोटो काढला, एआयला सांगून त्यातली दारं मॅट राखाडी करून घेतली आणि जाहिरात टाकली. तासाभरात तीस निरोप!

"आणि लोक बघायला आल्यावर रे?" ऊर्मिलानं विचारलं.

"आल्झो," जर्मन थाटात सुरुवात करत तो म्हणाला, "तोवर खरी दारंही राखाडी करू."

त्यानं चिकटवायची राखाडी फिल्म आणली. फोटो मोठा करकरून छटा जुळवली आणि तीन संध्याकाळी हेअर ड्रायर घेऊन ती अशी बसवली की बुडबुड्याला शिरायला जागा उरली नाही. स्वारी भलतीच खूश होती.

शनिवारी फ्राउ लेख्नर, म्हणजे लेख्नरबाई, किचन बघायला आल्या. निवृत्त शिक्षिका, हातात फोटोची छापील प्रत. दारावरून बोट फिरवून म्हणाल्या, "गेनाऊ. अगदी फोटोसारखं."

मग सिंकशेजारचं कपाट उघडून त्यांनी तांदळाच्या डब्यामागे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "आणि भांडी धुवायचं मशीन कुठंय?"

कागदावर त्या जागी मशीन होतं. दारं रंगवता रंगवता एआयनं ते पदरचं घातलं होतं. तीन दिवस त्याच फोटोत डोकं घालून बसलेल्या हृषिकेशनं छटेपलीकडे काही पाहिलंच नव्हतं. त्यानं मान खाली घालून सगळं कबूल केलं.

"आमचं मशीन हेच," ऊर्मिला नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "पण ते आम्ही बरोबर नेतोय."

बाई पोट धरून हसल्या. "किचन घेते. मशीनही मी आणते, पण बसवायचं यांनी."

पुढच्या शनिवारी हृषिकेशनं बाईंकडे जाऊन ते बसवलं, मिलिमीटरचाही फरक न ठेवता. बाईंचा केक खाऊन तो खुशीत नव्या घरी आला, तर सिंकमध्ये सकाळपासूनची भांडी होती. हे घर घेताना त्यानं किचनच्या दारांचं फिनिशिंग अर्धा तास निरखलं होतं. मशीन आहे का, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं होतं.