फुंकणीबाई

डॉ. विमल तायडे यांच्याकडे कोणी गेले तर त्या "बसा" म्हणत नसत, "फुंका" म्हणत. पाहुण्याच्या हाती एक पांढरी नळी येई. तिच्या पाठीवर आकडे आणि आकड्यांच्या खाचेत एक लाल काटा. नळीभोवती ओठ घट्ट आवळायचे, खोल श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात सोडायचा. काटा जिथे थांबेल तेवढा तुमच्या छातीचा जोर. त्यानंतर "बसा". दूधवाला, वीजबिल वाटणारा, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले दांपत्य, कोणालाही सूट नव्हती. गॅसची टाकी माडीवर चढवून आणणाऱ्या इसमाला त्यांनी टाकी खाली ठेवू दिली, एवढीच सवलत.

मी न्यायालयात लघुलेखक होतो. दुसऱ्यांचे बोलणे जसेच्या तसे उतरवून घेणे हा माझा व्यवसाय. मत देणे नव्हे. त्याच शिस्तीने हे लिहीत आहे.

तायडेबाई मूळच्या याच जिल्ह्यातल्या धाड गावच्या. विद्यापीठात आरोग्यशास्त्राच्या प्राध्यापक. लग्न केले नाही. जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापसाची बारीक धूळ उडते. ती रोज श्वासावाटे घेणाऱ्यांच्या छातीचे काय होते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. म्हणून कापसाच्या हंगामात, दिवाळीपासून होळीपर्यंत, त्या खामगावी येत आणि आमच्या माडीवर भाड्याने राहत. विद्यापीठात त्यांना काय पदव्या होत्या ते त्यांच्या दारावर लिहिलेले नव्हते. जिनातल्या बायांनी मात्र त्यांना पहिल्याच आठवड्यात पदवी दिली. चूल पेटवायच्या फुंकणीवरून त्या झाल्या फुंकणीबाई.

त्यांचे एक वाक्य होते, "एकानं सिद्ध होत नाही." ते त्या सर्वत्र वापरीत. बाजारात बोरवाल्याने चवीला एक बोर दिले की त्या वेगवेगळ्या पाट्यांतून आणखी मागत, कारण एकाने सिद्ध होत नाही. माझी डोकेदुखी बाम लावून थांबली असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी पुढल्या वेळी कपाळाच्या एकाच बाजूस बाम लावण्याची सूचना केली. माझी पत्नी सुशीला हिचे म्हणणे असे की लोणच्याच्या बरणीला स्वच्छ दादरा बांधून नमस्कार केल्याशिवाय लोणचे टिकत नाही. बाईंनी विचारले, "दादरा बांधला आणि नमस्कार केला नाही, अशी एक बरणी करून पाहिली का?"

"माया लोनच्याले साक्षीदार लागत नाई," सुशीला म्हणाली आणि दोन दिवस माडीवर चटणी गेली नाही.

एवढा खटाटोप ही बाई का करते, याविषयी गावात मते होती. बढतीसाठी, असे एक. परदेशवारी मिळते, असे दुसरे. मी सरळ विचारले. त्या म्हणाल्या, "बढती संपली. विमानात मला मळमळतं. पण अमुक गोष्ट अमुकामुळे होते की तमुकामुळे, हे कळलं नाही की मला अन्न गोड लागत नाही." हा कबुलीजबाब मी ग्राह्य धरला. खाज सुटते तशी जिज्ञासा सुटते आणि विद्वान ती खाजवतात, असा माझा निष्कर्ष झाला. तो अपुरा होता.

आता मूळ प्रकरण. आठवडी बाजाराच्या दिवशी जिन बंद. दुसऱ्या दिवशी जिन सुरू झाले की संध्याकाळपर्यंत बायांच्या छात्या आवळून येत, ठसका लागे. पुढे आठवडाभर त्रास हळूहळू उतरे आणि पुढच्या बाजारानंतर पुन्हा वर येई. याचे कारण सर्वांना ठाऊक होते. बाजारातली भजी. सुट्टीला भजी खायची आणि दुसऱ्या दिवशी खोकायचे. हेच मालकाचे, म्हणजे शेठजींचे मत होते. "भजे खातेत बाजारात अन् नाव माह्या कापसाचं," ते म्हणत. बाईंचा संशय धुळीवर होता. छाती रोजच्या धुळीला सरावते, एका दिवसाच्या सुट्टीने ती सवय मोडते आणि परतल्यावर धुळीशी पुन्हा भांडते, असे काहीसे त्यांनी मला समजावले होते. शेठजी व्यापारी माणूस. त्यांनी शब्द दिला, "सिद्ध करा, बाई. धूळ ओढनारे पंखे पुढच्या हंगामाच्या आत बसवतो. नाई झालं सिद्ध, तं मले पुन्हा इचारू नका."

म्हणजे एक हंगाम हाती होता, आणि त्यावर जिनातल्या सगळ्या छात्या अवलंबून होत्या.

पहिला प्रयत्न फसला. विद्यापीठातून बाई येणार, आपली माणसे फुंकणार आणि त्याचे आकडे छापून येणार, एवढे गजानन मुकादमाने ऐकले. छापून येणार म्हणजे अब्रूचा प्रश्न. त्याने मोजणीला माणसे पाठवली ती अंगणात गाठी उचलणारे हमाल आणि शिवाय तालमीतले चार गडी. खोकणाऱ्या बायांना त्याने सरकीच्या ढिगामागे बसवले. आकडे असे आले की जिनात काम करणाऱ्यांची छाती विद्यापीठातल्या प्राध्यापकांपेक्षा बळकट ठरली. कापसाची धूळ हे एक टॉनिक असल्याचे जवळपास सिद्ध झाले. शेठजींनी तसा फलक लावण्याची तयारी दर्शवली.

बाईंना शंका आली, कारण एकाने नळी तोंडाला लावण्याआधी मांडीवर थाप मारली.

"मुकादम, हे कोण?"

"आपलेच मानसं हायेत, बाई."

"जिनात काय काम करतात?"

"जिनाचं नाव राखतात."

बाईंनी ते सर्व कागद त्याच्यासमोर फाडले. रागावल्या नाहीत. त्या कापसाच्या गंजीवर चढल्या. गंजीत गुडघ्यापर्यंत रुतलेल्या अवस्थेत त्यांनी भाषण केले, आणि विद्यापीठाची भाषा त्यांनी त्या दिवसापुरती खाली ठेवली होती. "मले पयलवान नाई पायजेत. मले खोकला पायजे. ज्याची छाती आवळते तो बी या, ज्याची नाई आवळत तो बी या. लपू नका. लपलेला मानूस मले मोजता येत नाई."

ढिगामागून प्रथम कौसल्याबाई उठल्या. यंत्राच्या तोंडात कापूस घालण्याचे काम त्यांचे. जिनात त्यांच्याइतकी जुनी बाई नव्हती आणि त्यांच्याइतके कडू तोंडही नव्हते. "इतके दिवस दवाखान्यात खोकला लपोला तं डाक्टर रागवे," त्या म्हणाल्या. "इथं दाखोला तं मुकादम रागवते. खोकावं तरी कुठं मानसानं?" त्यांच्यामागे बाकीच्या आल्या. सकाळी कामावर चढताना एकदा आणि संध्याकाळी उतरताना एकदा, रोज रांग लागू लागली.

भज्यांचा निकाल लावणे उरले. बाईंची पद्धत अशी: निम्म्या बायांनी बाजारात भजी खायची नाहीत, आणि जिनाशी काही संबंध नसलेल्या माणसांनी त्याच गाडीवरची, त्याच कढईतली भजी खायची. या दुसऱ्या कामासाठी शिंपी गल्ली निवडली गेली. सोबत मी आणि सुशीला. न्यायालयात मी अनेक हुकूम लिहून घेतले, पण शास्त्रासाठी भजी खावीत असा हुकूम मला त्यापूर्वी झाला नव्हता. मी तळलेले खात नाही. खाल्ले. शिंप्यांनी मात्र या कार्याला वाहून घेतले. अभ्यास संपल्यावरही बराच काळ ते शास्त्र पुन्हा केव्हा सुरू होणार, अशी चौकशी करीत.

भजीवाला रामा मात्र वाळला. धंद्याचाच खटला चालू होता. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या फाटकाशी उभा राही आणि आम्ही फुंकताना काट्याकडे पाही. माझा काटा हलला नाही. सुशीलेचाही नाही. शिंप्यांचे काटे होते तिथेच. आणि जिनात, ज्यांनी भजी खाल्ली होती आणि ज्यांनी नव्हती, त्या सगळ्यांचे काटे संध्याकाळी खाली. कौसल्याबाई भजी न खाणाऱ्यांत होत्या. त्यांनी नळी परत देताना एवढेच म्हटले, "भजे बी गेले अन् खोकला बी राह्यला."

बाई आकडे घेऊन शेठजींकडे गेल्या. मी सोबत होतो. शेठजींनी कागद पाहिले, आलेखाच्या रेघा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. "कागदावर तं माहा जावई बी हुशार हाये," ते म्हणाले. "मी डोयानं पाह्यल्याशिवाय मानत नाई."

बाईंनी कागद पिशवीत ठेवले. मग विचारले, "शेठजी, परवा एकादशी. तुम्ही उपास करता?"

"लहानपनापासून. निर्जळी."

"दम्याचा काही त्रास?"

"काहीच नाई."

"मग परवा दिवसभर आत बसा. कौसल्याबाईंच्या शेजारी."

शेठजी हसले आणि कबूल झाले. जिन त्यांच्या आजोबांचे. पण ते बसत कचेरीत, काचेच्या अलीकडे. एकादशीला सकाळी त्यांनी सर्वांसमोर फुंकले. काटा ऐटीत वर गेला. त्यांनी चहूकडे पाहिले. मग ते यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसले. दुपारपर्यंत त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. बाई मधूनमधून येऊन विचारीत, "उठायचं का?" ते मान हलवून नकार देत. भोंगा झाल्यावर ते उठले तेव्हा सगळे जिन अंगणात जमले होते, हमाल, पहिलवान, शिंपी, रामा भजीवाला धरून. शेठजींनी नळी तोंडाला लावली. काटा अर्ध्या वाटेत थांबला. त्यांनी पुन्हा फुंकले. काटा आणखी खाली. तिसऱ्या वेळी त्यांना ठसका लागला आणि तो थांबेना.

कौसल्याबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग निर्जळीची आठवण होऊन मागे घेतला. आणि अत्यंत काळजीने विचारले, "शेठजी, भजे कवा खाल्ले?"

जिनाच्या इतिहासात मुकादम पहिल्यांदाच मालकासमोर हसला.

इथे बाईंनी जे केले त्याने मी त्यांना मानू लागलो. जिंकलेल्या पक्षाने गप्प बसायचे असते. त्या म्हणाल्या, "शेठजी, हे मी अहवालात घेणार नाही. एकानं सिद्ध होत नाही. पुरावा त्या कागदांत आहे."

"तुमाले नसल पुरत," शेठजी डोळे पुसत म्हणाले. "मले पुरलं."

पुढच्या दिवाळीआधी पंखे बसले. छतापासून जाड नळकांडी खाली आली आणि धूळ जिथे उडते तिथेच ती ओढून घेऊ लागली. रामाने गाडीवर पाटी लावली: "शास्त्राने निर्दोष ठरवलेली भजी". त्याचा धंदा दुप्पट झाला असे तो सांगतो. मी मोजलेला नाही.

बाई पुन्हा आल्या, पुन्हा हंगामभर मोजले. सकाळचा काटा आणि संध्याकाळचा काटा एकाच जागी थांबू लागले. काहीही घडत नव्हते. ही बातमी त्यांनी आम्हाला जिना उतरत, पदर खोचलेला, धापा टाकत सांगितली: "काही फरक नाही. सुशीलाताई, काही म्हणजे काहीच फरक नाही." आमच्या घरी पेढे वाटले गेले. काही न घडल्याबद्दल पेढे वाटणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. जिल्ह्यातल्या आणखी काही जिनांनी ते पाहून आपल्याकडेही पंखे बसवले. विद्यापीठाने सत्कार केला. त्यांचे काम झाले.

पण बाई गेल्या नाहीत. अहवाल लिहायचा आहे, म्हणाल्या. अहवाल लिहून झाला होता. मीच तो तपासला होता.

"काऊन हो," सुशीलेने मला विचारले, "काम तं सरलं ना? मंग विमलताई जात काऊन नाईत?"

उत्तर मला काही दिवसांनी दिसले. जिनातून वस्तीकडे जाणारा रस्ता आमच्या घरावरून जातो. पूर्वी त्या बाया संध्याकाळी एकएकट्या, न बोलता जात. आमच्या कुंपणाला हात टेकून थोडे थांबत आणि पुढे निघत. आता त्या घोळक्याने येत आणि येताना भांडत. चालता चालता, न थांबता, मोठ्या आवाजात भांडत. त्या सुमारास बाई नेमक्या झारी घेऊन कुंपणाजवळ येत आणि तगरीला पाणी घालत. तगरीला सकाळीच पाणी घातलेले असे. त्या पाणी घालत नव्हत्या, ऐकत होत्या.

त्या दिवशी भांडण कोंबडीचे होते. "तुया कोंबडीनं माही मेथी उकरली," एक म्हणत होती. "कोंबडी काय तुले इचारून उकरीन?" दुसरी. घोळका कुंपणाशी आला तशा कौसल्याबाई थांबल्या; दम घ्यायला नव्हे.

"बाई, आता कोनाचं मोजून राह्यल्या? झाडाचं?"

बाई हसल्या.

"चला घरी. भरीत केलं हाये, कळन्याची भाकर हाये."

असे बोलावणे प्रत्येक हंगामात होई आणि बाई प्रत्येक वेळी नाही म्हणत. जिच्या श्वासाचे माप घ्यायचे तिच्या घरचे मीठ खायचे नाही, अन्यथा माप कलते, हा त्यांचा नियम. रात्रीचे जेवण त्या माडीवर एकट्याच घेत, सुशीलेने वर पाठवलेल्या ताटात.

"आता तं मोजनं झालं," कौसल्याबाई म्हणाल्या. "आता काय आडवं येते?"

 बाईंनी झारी माझ्या हातात दिली, फाटक उघडले आणि त्या घोळक्यात शिरल्या. वळणापर्यंत मी त्यांना पाहिले. कोंबडीच्या वादात त्यांनी मेथीवालीचा पक्ष घेतला होता, आणि त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

आत सुशीलेने माडीवर न्यायचे ताट वाढून ठेवले होते. मी ते काढून ठेवायला सांगितले.

"काऊन? जेवत नाईत का विमलताई आज?"

"जेवतात," मी म्हणालो. "आज त्यांना पंगत आहे."