तहाच्या सभेची दारं

युद्धाला सत्ताविसावं वर्ष लागलं तेव्हा तहाच्या सभेचं कामकाज अगदी सुरळीत चाललं होतं. फक्त सभा सुरू व्हायची होती.

वेस्टफालियातल्या त्या शहरात यच्चयावत राजांचे वकील दीड वर्षापासून येऊन राहिले होते. त्यांचे स्वयंपाकी आले होते, न्हावी आले होते, घोडे आले होते, घोड्यांच्या आयाळी विंचरणारे आले होते. शहरातलं हॅम संपलं होतं, बिअर संपत आली होती, आणि तह कधी होणार असं कोणी विचारलं तर लोक त्याला विचारत, "नवीन आलात का?"

लुब्बर्ट सुतार नवीन नव्हता. पण मार्च महिन्यात त्यालाही तहाची घाई झाली. त्याची मुलगी आलेके ही नॉर्डहोल्ट नावाच्या खेड्यात दिली होती. शहरापासून पायी तीन तासांवर. तिथं गावाच्या एका अंगाला एका राजाची फौज हिवाळा काढत होती आणि दुसऱ्या अंगाला दुसऱ्या राजाची. गवत घोड्याच्या तोंडाला लागण्याइतकं वाढलं की दोन्ही फौजा हलणार, आणि हलताना मधलं गाव जळणार. यात कोणाचा कोणावर राग नव्हता. गाव मधे होतं, एवढंच.

गावकऱ्यांनी अभयपत्राचा अर्ज केला होता. अर्ज लुब्बर्टने लिहून घेतला, लुब्बर्टने नेऊन दिला, आणि त्याचं काय झालं ते विचारायला तो रोज मानपान कचेरीत जाऊन बसू लागला. एका सकाळी मानपान अधिकारी प्लेन्टर यांनी त्याला स्वतः आत बोलावलं.

"मिस्त्री, तुमचा कागद तयार आहे."

"कुणाची हरकत?"

"कुणाचीच नाही. दीड वर्षात इथं कुठल्याच गोष्टीला कुणाची हरकत आलेली नाही."

"मग द्या की."

"त्या दोन फौजांच्या वकिलांच्या सह्या व्हायच्यात. मोंव्हालसाहेब आणि आर्सोनासाहेब. आर्सोनासाहेब आणि मोंव्हालसाहेब," प्लेन्टरनी दोन्ही बाजूंनी म्हणून घेतलं. "एका बैठकीत. बैठकीसाठी दोघांनी सभागृहात यायचं. सभागृहाला दार एक."

लुब्बर्टने उठून दार पाहिलं. "रुंद आहे. गवताची गाडी जाईल."

"गाडी जाईल हो. दोन वकील जात नाहीत. एक आधी जातो."

लुब्बर्टने डोकं खाजवलं. "दुसरं दार पाडून देऊ?"

प्लेन्टर त्याच्याकडे बघतच राहिले. दीड वर्षात अकरा पंडितांनी या प्रश्नावर लॅटिनमध्ये मतं दिली होती, आणि हा माणूस रंधा काखेत धरून चार शब्दांत मोकळा झाला होता. "मिस्त्री," ते म्हणाले, "तुम्ही इतके दिवस होता कुठं?"

"तुमच्या दाराबाहेर."

*

इतिवृत्त. बैठक पहिली (झाली नाही).

मोंव्हालसाहेब व आर्सोनासाहेब यांनी नव्या दाराबद्दल समाधान व्यक्त केले.
आर्सोनासाहेब व मोंव्हालसाहेब यांनी नव्या दाराबद्दल समाधान व्यक्त केले.

(एका वाक्यात एक नाव आधी येते, म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा लिहावे. त्यातले वर कोणते, याचा निर्णय राखून ठेवला आहे.)

*

नवं दार जुन्याच्या उजवीकडे होतं. उजवी बाजू मानाची. यावर कोणीतरी दाखवून दिलं की आत उभं राहिलं तर ते डावीकडे येतं. तेव्हा दाराची बाजू ठरवताना माणूस आत धरायचा की बाहेर, हा मुद्दा निघाला, आणि आत कोणी गेलेलंच नसल्यामुळे तो सुटेना.

लुब्बर्टने दार बुजवलं आणि समोरच्या भिंतीत पाडलं. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. आता उजवं-डावं मिटलं.

"पण हे जुनं आहे," प्लेन्टर म्हणाले.

"जुनं म्हणजे?"

"जुन्यातून जाणारा ज्येष्ठ ठरतो ना."

लुब्बर्टने जुनं दार काढून त्या जागी नवं केलं. मग उंची. मोंव्हालसाहेबांच्या टोपीला शहामृगाचं पीस होतं. आर्सोनासाहेब टोपी घालत नसत, पण पीस नाही म्हणून आपलं दार बुटकं, असा अर्थ त्यांच्या राजाला चालला नसता. दोन्ही दारं नऊ फूट चार बोटं करायची ठरली. बोटं कोणाची, असा प्रश्न येऊ नये म्हणून लुब्बर्टने दोन्हीकडे स्वतःची बोटं लावली. सुताराला कोणताच मान नसल्यामुळे त्याची बोटं सर्वांना चालली.

बाहेर गवत घोट्याएवढं झालं होतं.

बैठकीचा दिवस ठरला आणि मध्यस्थ आले. मध्यस्थ म्हणजे पोपचा माणूस: दोघांमधला, दोघांनाही पूज्य. त्यांनी नम्रपणे विचारलं, "आणि मी?"

ते एकाच्या दारातून गेले असते तर त्याचे झाले असते. त्यांना तिसरं दार मिळालं. तिसरं दार निघालं म्हणताच जर्मन राजांच्या वकिलांनी पत्र पाठवलं की आम्हाला मान नको, फक्त अपमान नको. त्यांना आठ दारं मिळाली. मग बिशप आले. मग स्वतंत्र शहरं आली. एका मठाची म्हातारी महंतीण आली. तिच्या अमलाखाली दोन गिरण्या आणि एक तळं होतं, पण ती कोणाची मांडलिक नव्हती. लुब्बर्टने दारं मोजली तेव्हा ती त्र्याऐंशी भरली.

"साहेब," तो म्हणाला, "त्र्याऐंशी दारांना भिंत पुरत नाही."

"भिंत कोणी मागितलीय का?"

"छप्पर कशावर राहील?"

"चौकटींवर. मजबूत करा." प्लेन्टरनी खिशातून काळ्या पावाचा तुकडा काढून मोडला. "लाकूड कुठलं घेताय?"

इथं लुब्बर्टच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे परत घेण्यासाठी त्याने पुढे आपल्या उजव्या हाताची बोटंसुद्धा दिली असती. पण तो चांगला सुतार होता, आणि चांगल्या सुताराला लाकडाबद्दल विचारलं की त्याला खोटं बोलता येत नाही.

"ओक. पण ओला नको. ओला ओक वर्षभरात आवळतो. एखादं दार बोटभर आखडलं तर पुन्हा युद्ध पेटेल. मुरलेला पाहिजे, पन्नास वर्षं उन्हापावसात राहिलेला."

"असा कुठं मिळतो?"

"जुन्या घरांत. तुळया, खांब."

प्लेन्टरनी ते लिहून घेतलं.

*

मानपान कचेरीचे टिपण.

विषय: मुरलेला ओक.

मोंव्हालसाहेबांच्या फौजेखालील गावातून लाकूड घेतल्यास आर्सोनासाहेबांना त्यांच्या लाकडातून प्रवेश करावा लागेल. सबब अमान्य.
आर्सोनासाहेबांच्या फौजेखालील गावातून

(तसेच.)

लाकूड तटस्थ गावातलेच हवे. शहराभोवती दहा कोसांत तटस्थ गाव नाही. मात्र नॉर्डहोल्ट या गावाच्या तटस्थतेस उभयपक्षी तत्त्वतः मान्यता आहे. अर्जदार: लुब्बर्ट सुतार.

*

"अहो, ते गाव वाचवायचं आहे," लुब्बर्ट म्हणाला.

"म्हणून तर. तुमच्या अर्जाशिवाय आम्हाला सुचलंच नसतं."

"तिथं माझी पोर राहते."

"मिस्त्री, बसा. पाणी घ्या. गाव वाचायला काय पाहिजे?"

"सही."

"सहीला?"

"सभा."

"सभेला?"

लुब्बर्टने पाण्याचा पेला उचलला.

"दारं," प्लेन्टर मायेने म्हणाले. "आणि दारांना? तुम्हीच सांगितलंत. मी कारकून माणूस, मला ओकातलं काय कळतं."

त्या दिवशी गवत गुडघ्याच्या खाली चार बोटं होतं. लुब्बर्टने हिशेब केला: फौजा हलायला तीन आठवडे, दारं व्हायला अडीच. त्याने घासाघीस केली. फक्त धान्याची कोठारं घ्यायची. घरांना हात लावायचा नाही. प्लेन्टरनी लगेच मान्य केलं. कोठारांची एकोणतीस दारं झाली. मग गोठे घेतले. माणसं घरात आहेत ना, गायींना काय, उन्हाळा आहे. मग चर्चचा घंटेचा मनोरा घेतला, कारण घंटा तशीही फौजेने वितळवून तोफेला नेली होती. प्रत्येक वेळी लुब्बर्टला वाटे, आता थोडकंच राहिलं. इथवर येऊन थांबलो तर आधीचं लाकूड वाया गेलं.

त्याने पाडायच्या यादीत पहिलं घर घातलं तेव्हा ते रिकामं होतं. दुसरं एका कर्कश म्हाताऱ्याचं.

एका दुपारी लाकडाची गाडी आली. तुळयांच्या ढिगावर आलेके बसली होती. एका हातात कोंबड्यांचं खुराडं, दुसऱ्या हाताने सासूला धरलेलं. सासू गाडीतच पाय पसरून, शहर बघत, कांदा खात होती.

"बाबा," आलेके वरूनच म्हणाली, "तुमचं लाकूड आणलंय. उतरवून घ्या."

"अगं, तुझं घर यादीत नव्हतं."

"नव्हतं. पण तुमची माणसं शेजारचं घर काढून नेत होती, आमची भिंत त्यालाच टेकलेली. पडली आपोआप. ते म्हणाले, पडलेलं लाकूड कुणाच्याच बाजूचं नसतं, फारच उत्तम."

"मी तुमच्यासाठीच करतोय हे सगळं."

"ते कळलं हो आम्हाला. अख्खं गाव तुमचं नाव घेतंय." तिने खुराडं त्याच्या हातात दिलं. "सैनिक आले असते तर निदान आम्ही पळालो तरी असतो. तुमच्या माणसांना आम्ही जेवायला वाढलं."

सासूने कांद्याचा उरलेला अर्धा तुकडा लुब्बर्टपुढे केला. "घ्या, व्याही. गावातलं शेवटचं."

*

इतिवृत्त. बैठक पहिली (झाली).

दुपारी बारा वाजता, सूर्य कोणाच्याच डोळ्यांवर नसताना, त्र्याऐंशी दारं एकदम उघडली आणि त्र्याऐंशी पावलं एकदम आत पडली. बाहेरच्या गर्दीत कित्येकांना रडू आलं. गोल टेबलाभोवती सगळे एकदम बसले. खुर्च्यांचा आवाजसुद्धा एकच झाला.

पहिलाच विषय नॉर्डहोल्टचा होता. दोन प्रती केल्या होत्या. आपापल्या प्रतीवर जो तो पहिला. दोन्ही वकिलांना गावाचं नाव उच्चारता आलं नाही, पण दोघांनीही ते सारख्याच प्रमाणात चुकवलं. सह्यांना दोन श्वास लागले.

प्लेन्टर कागद घेऊन बाहेर आले. लुब्बर्ट, आलेके आणि गावकरी पायऱ्यांपाशी उभे होते. प्लेन्टरनी वाचून दाखवलं: सदरहू गावातील घरे, कोठारे, गोठे, चर्च व त्यांची छपरे यांस कोणत्याही फौजेने कदापि हात लावू नये.

"छान लिहिलंय," आलेके म्हणाली. "छपरांचं विशेष."

"आता हे गावाच्या दर्शनी दारावर खिळ्याने ठोकायचं. घोड्यावरच्या शिपायाला वाचता येईल इतकं उंच. ठोकलं की लागू झालं. नुसतं हातात धरून चालत नाही."

"ठोकते की. दार दाखवा."

प्लेन्टरनी गावकऱ्यांकडे पाहिलं, गावकऱ्यांनी लुब्बर्टकडे पाहिलं, आणि लुब्बर्टने वळून सभागृहाकडे पाहिलं. मग त्याने कमरेचा हातोडा काढला, तोंडात खिळे धरले, आणि पूर्वेकडच्या दारावर अभयपत्र ठोकलं. प्लेन्टर पळत आत गेले. पश्चिमेच्या वकिलांना हे समजायच्या आत दुसरी प्रत पश्चिमेच्या दारावर लागली.

चार दिवसांनी गवत पुरेसं वाढलं आणि फौजा नॉर्डहोल्टवरून गेल्या. दोन्ही सेनापतींनी आपापल्या राजाला कळवलं की अभयपत्राचं तंतोतंत पालन झालं असून गावातल्या एकाही घराला धक्का लागलेला नाही. सत्तावीस वर्षांत दोन्ही बाजूंचा अहवाल जुळण्याची ही पहिलीच वेळ. सभेत तो वाचला गेला तेव्हा सगळे एकदम उभे राहिले. मुख्य तहाला मात्र आणखी तीन वर्षं लागली, कारण पुढचा विषय आसनांवरच्या गाद्यांचा होता.

*

पुढे शांतता झाली. ती झाल्यावर बऱ्याच वर्षांनी दक्षिणेकडच्या एका विद्यापीठातून एक विद्वान आला. राष्ट्र लहान असो वा मोठं, सर्वांचा दर्जा समान, या नव्या विचाराचा जन्म या सभागृहात झाला, असा त्याचा ग्रंथ चालला होता. त्याने चार दिवस दारं मोजली. फूटपट्टी लावली, दोरी लावली, बिजागऱ्या काढून पाहिल्या. एकही दार बोटभर आखडलं नव्हतं. "कोण कारागीर असेल," तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

पायऱ्यांवर आलेके ताक विकत बसायची. ती आता म्हातारी झाली होती. रोज दुपारी तो तिच्याकडे ताक प्यायचा, दारांबद्दल विचारायचा, आणि ती सांगायची: कोणतं आधी बसलं, कोणतं मागून. तो सगळं लिहून घ्यायचा. चौथ्या दिवशी निघताना त्याने वही मिटली आणि विचारलं, "आजी, आणखी काही राहिलं का?"

तो काही विचारतो का ते बघत तिने त्याचं ताकाचं भांडं विसळलं. मग म्हणाली, "नाही. राहिलं नाही काही."

तुम्ही त्याला हसाल. हसा. पण दारं किती होती, त्यांची उंची किती फूट किती बोटं, हे आता तुम्हालाही झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. नॉर्डहोल्टमध्ये घरं किती होती, हे मी सांगितलेलं नाही, आणि इथपर्यंत येऊनही तुम्ही ते विचारलेलं नाही.