मेनी हॅपी रिटर्न्स

साहेबांचा वाढदिवस होता आणि आप्पांनी केक कापू दिला नाही. केकवर लिहिलं होतं, 'मेनी हॅपी रिटर्न्स'.

"कोण आपल्या मुळावर उठलंय?" आप्पा कडाडले.

आप्पा आमच्या खडोलीच्या सूत कारखान्यातले डिस्पॅच सुपरवायझर, मूळचे अमळनेरकडचे. डिस्पॅचमध्ये रिटर्न म्हणजे गिऱ्हाइकानं नापास करून परत धाडलेला माल. रिटर्नचा टेम्पो गेटात शिरला की आप्पांना दोन दिवस जेवण जात नाही. आणि इथे तसले पुष्कळ, वर हॅपी! सुरीनं 'रिटर्न्स' खरवडलं तेव्हा कुठे साहेबांच्या तोंडात घास पडला.

कारखान्याच्या लॅबमध्ये इंग्रजी येणारी शहाणी मीच. म्हटलं, "आप्पा, हा दिवस पुन्हा पुन्हा आनंदानं परत येवो, असा अर्थ आहे."

"म्हंजे गेलेलं परत येतं? अन् खुशीत येतं?"

"हो."

"मंग लय भारी आहे ना ताई हे!"

झालं! कुठून अवदसा आठवली मला! तेव्हापासून जो कोणी निघेल त्याला आप्पा तेच म्हणतात. नंदुरबारला सुट्टीवर निघालेली पोरं, कंटाळून नोकरी सोडणारा वॉचमन, कुणीही. शेजारच्या सायली गावातल्या एका लग्नात तर कहर केला. पाठवणीला नवरीच्या डोक्यावर हात ठेवून खणखणीत आवाजात, "मेनी हॅपी रिटर्न्स!" सासू मुंबईची शिक्षिका. ती फणकारली, "म्हणजे आम्ही हिला परत पाठवणार की काय?"

"पाठवा ना," आप्पा म्हणाले, "लेकीनं यायलाच पायजे." आणि न जेवता घरी गेले.

त्यांची सारिका वापीला असते, इथून तासाभरावर. स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं म्हणून आप्पांनीच तिला बजावलं होतं, पुन्हा दारात पाऊल टाकू नको. पोरगी बापावर गेलेली. दोन वर्षं फिरकली नाही.

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "सारिकाचा बर्थडे आहे. ते इंग्लिशमधलं लिहून द्या."

मी लिहिलं. आप्पांनी एकेक अक्षर लावत वाचलं.

"मेनी काढा ताई. एकडाव आली तरी पुरे."

काढलं.

"हॅपी पण काढा. रडत येवो, भांडत येवो. येऊ द्या फक्त."

तेही काढलं. उरलेला तेवढा एक शब्द मी तसाच पाठवून दिला.