डेसचा खडा आणि दोन मशिनं

डेस पेनरोझ रिटायर झाला त्या दिवशी त्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं की, मी घरात तुझ्या पायात पायात येणार नाही. हा शब्द त्याने जेमतेम आठवडाभर पाळला. मग एका सकाळी त्याने फडताळातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. रेलीनला चहाला साखर सापडेना, आणि टोमॅटोच्या डब्यांमागून कुत्र्याचं खाणं निघालं.

"डेस, तुझं ते सोनं शोधायचं वेड परत सुरू कर," ती म्हणाली. "मशीन घे. कुठलंही घे. पण घराबाहेर पड."

वेड परत सुरू करायला डेस तयारच होता, पण 'कुठलंही' हा शब्द त्याला फार लागला. हॉगन्स फ्लॅट गावात माणूस बायको एकवेळ घाईत निवडेल, जमिनीतला धातू हेरणारं डिटेक्टर मशीन नाही. या गावाखालची तांबडी माती दीडशे वर्षं उकरली जातेय आणि अजूनही कुणाला तरी, कुठे तरी, काही तरी सापडतं. डेस स्वतः तरुणपणी रोज संध्याकाळी मशीन खांद्यावर टाकून माळ पालथा घालायचा. एका ओढ्याकाठी त्याला चिंचोक्याएवढा सोन्याचा खडा मिळाला होता. अंगठी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्याने तो खडाच रेलीनपुढे धरला आणि लग्न करतेस का असं विचारलं. ती हो म्हणाली. पुढे मुलं झाली, पाणीपुरवठ्यातली नोकरी लागली आणि मशीन कुणाला तरी देऊन टाकलं गेलं. खडा मात्र राहिला. घरातल्या प्रत्येक लग्नाला आणि बारशाला तो रेलीनच्या गळ्यात असायचा.

"मशीन निवडायला मला कुणाची अक्कल नको," असं सांगून डेस दुकानात गेला आणि तिथे त्याची अक्कल पहिल्या पाच मिनिटांत संपली. त्याच्या काळी मशिनाला एक बटण असायचं. आता पडदे होते, आकडे होते, कानाला लावायचे बिनवायरचे भोंगे होते. दुकानदारीण ग्लेनिस ही त्याच्याच वर्गातली. तिने दोन मशिनं पुढे ठेवली. एक हलकं आणि स्वस्त. हे लोखंडाकडे दुर्लक्ष करतं, पण फार खोल जात नाही. दुसरं जडशीळ, आणि त्याच्या किमतीत एखादी बरी जुनी गाडी आली असती. ते खोल जातं, पण खिळा असो की सोनं, सगळ्यालाच ओरडतं. डेसला दोन्ही पटली. शेवटी ग्लेनिसने वैतागून दोन्ही मशिनं शनिवार-रविवारसाठी भाड्याने त्याच्या गाडीत घातली आणि घरी जाऊन ठरव म्हणून सांगितलं.

तो दिवस शनिवार, आणि तो त्याच्या पथ्यावर पडला. रेलीन लेकीकडे गेली होती. रविवारी दुपारी गावातल्या चर्चमध्ये नातीचा, चिमुकल्या विनीचा, नामकरणाचा समारंभ होता, आणि रेलीन सगळ्यांना घेऊन सकाळी परतणार होती. म्हणजे पूर्ण दिवस परसदार आपलं! ग्लेनिसकडून येताना हार्डवेअरच्या दुकानाबाहेर दर शनिवारसारखे देणगीसाठी सॉसेज भाजत होते, त्यातलं एक त्याने पावात घालून घेतलं आणि खात खात घरी आला. आता मशिनाची खरी परीक्षा घ्यायची तर जमिनीत खरं सोनं हवं. खिळ्यावर पारख करून सोन्याचं मशीन घेणारा तो नव्हता. आणि घरात खरं सोनं एकच होतं.

त्याने रेलीनच्या डबीतून खडा काढला. साखळी सोडवून ठेवली. खड्याला माती लागू नये म्हणून तो सॉसेजच्या कागदात नीट गुंडाळला आणि मोकळ्या पडलेल्या बटाट्याच्या वाफ्यात वीतभर खोल पुरला. इथवरही ठीक होतं. पण डेस प्रामाणिक माणूस. जागा माहीत असली तर डोळा लबाडी करणार, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने फावड्याने वरवर सगळा वाफा सारखा हलवला, दंताळ्याने गुळगुळीत केला, डोळे मिटून दोन गिरक्या घेतल्या आणि खडा कुठे आहे हे स्वतःच विसरून गेला. आपल्या या निःपक्षपातीपणाचं त्याला फार कौतुक वाटलं.

तेवढ्यात आत फोन वाजला. रेलीन होती. ती म्हणाली की, खडा काढून ठेव. मी तो उद्या विनीला देणार आहे, सगळ्यांसमोर, तिच्या गळ्यात घालून. मी कुणाला बोलले नाहीये, फक्त तुला सांगतेय.

"काढूनच ठेवलाय," डेस म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

तो परसात आला तेव्हा त्यांचा लठ्ठ लॅब्राडोर, डस्टर, वाफ्याच्या मधोमध बसला होता. नाकाला माती लागली होती आणि चेहऱ्यावर चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्यांचा सोज्वळ भाव होता. डेसने त्याला हाकललं, दंताळं पुन्हा एकदा फिरवलं आणि महागडं मशीन चालू केलं.

मशीन पहिल्याच क्षणी किंचाळलं. डेसने खणलं. काही नाही. दोन पावलं सरकला, परत किंचाळी, परत खड्डा, परत काही नाही. सोनं जणू त्याच्यासोबत चालत होतं. अर्धा वाफा खणून झाल्यावर त्याचं लक्ष आपल्या बुटांकडे गेलं. पाणीपुरवठ्यातले बूट होते, पुढे पोलादी टोपी असलेले. असल्या बुटांनाही मशीन ओरडतं, ही गोष्ट तरुणपणी तो नवशिक्यांना हसत हसत सांगायचा. त्याने इकडेतिकडे बघितलं, बूट काढले आणि मोज्यांवर कामाला लागला.

मग मशिनाला खिळे सापडले, तारा सापडल्या, नळाची तोटी सापडली. खडा सापडेना. त्याने हलकं मशीन घेतलं. ते लोखंडाला दाद देईना, इतकं गप्प की बंद आहे की काय असं वाटावं. फक्त डस्टर जवळ आला की ते गोड आवाजात गायला लागायचं. डेसने त्याचा गळपट्टा काढून नळावर टांगला. डस्टर परत आला, मशीन परत गायलं. बिघडलेलं मशीन गळ्यात मारलं म्हणून डेसने ग्लेनिसच्या नावाने बोटं मोडली, ते मशीन बाकाला टेकवून ठेवलं आणि कुत्र्याला पुढच्या अंगणात कोंडलं.

दुपारपर्यंत सगळा वाफा दोनदा खणून झाला होता. आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या मर्व्ह हॉकिंगचं डोकं कुंपणावर उगवलं.

"काय डेस, काही लागलं का?"

या गावात या प्रश्नाला एकच उत्तर आहे. सोनं सापडलेला माणूस कधी 'सापडलं' म्हणत नाही. तो तोंड पाडतो आणि म्हणतो, कसलं काय, खिळे आणि छर्रे. तोंड जितकं पडलेलं, तितका खडा मोठा. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी विचारणारा विचारतो आणि सांगणारा सांगतो. डेस खरं सांगू शकत नव्हता, कारण मर्व्हला सांगणं म्हणजे रेलीनला कळवणं. त्यामुळे त्याच्या तोंडून सवयीने तेच उत्तर गेलं.

"कसलं काय मर्व्ह. खिळे."

मर्व्हने त्याच्याकडे नीट पाहिलं. आयुष्यात एवढं पडलेलं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. माणूस स्वतःच्या परसात, मोज्यांवर, घामाघूम, आणि डोळ्यांत पाणी! मर्व्ह खाली उतरला आणि तडक पबकडे गेला. तिथे त्याने ही गोष्ट फक्त एकाला, अगदी विश्वासाने सांगितली.

तासाभरात डेसच्या दारासमोर गाड्या लागल्या. सगळे सहज इकडून चालले होते आणि सगळ्यांच्या हातात सहजच मशिनं होती. डेसने शेवटी हात टेकले आणि खरं ते सांगून टाकलं. बायकोचा खडा मी मशीन तपासायला स्वतःच पुरला, जागा स्वतःच विसरलो, आता सापडत नाहीये. मग मर्व्हने त्याच्या पाठीवर थाप मारली. एवढी सुरेख थाप गावात कित्येक वर्षांत कुणी मारली नव्हती, असं सर्वांचं मत पडलं.

पण निदान जास्त हात लागतील, या आशेने डेसने त्यांना आत घेतलं. ही माणसं सभ्य. खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय त्यातलं कुणी पुढे सरकत नाही. त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्या परसात एकही खड्डा नव्हता आणि एकही जागा अशी नव्हती जिथे खड्डा होऊन गेला नाही. हिरवळीला देवी आल्यासारखं दिसत होतं. घोड्याचा नाल निघाला, लेकीची लहानपणीची खेळण्यातली गाडी निघाली. मर्व्हला त्याची पूर्वी हरवलेली कात्री मिळाली, आणि ती डेसच्या परसात काय करत होती यावरून थोडं वाजलंही. सोन्याचा कणही निघाला नाही. याचा अर्थ उघड होता. डेसने सगळं आधीच काढून घेतलं होतं.

रविवारी सकाळी रेलीन आली तेव्हा उजाडल्यापासून आलेले चारपाच चिवट लोक तिच्या गुलाबांत वाकलेले होते आणि डेस बाकावर डोकं धरून बसला होता. लेक आणि जावई बाळाला घेऊन आत गेले. रेलीन बाहेरच थांबली. डेसने काही लपवलं नाही. सगळं ऐकून ती ओरडली नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

"तो खडा मी कधी तिजोरीत ठेवला नाही," ती म्हणाली. "हरवेल असं वाटलंच नाही रे. तू दिलेला होता ना."

डेसला रडू आलं. नवी मशिनं, रिटायरमेंट, सोनं, सगळं खड्ड्यात जावं असं त्याला वाटलं. आपण घरात बसून डबेच लावायला हवे होते. तेवढ्यात बाळाच्या गडबडीत उघड्या राहिलेल्या दारातून डस्टर परसात आला आणि त्याने डेसच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. बाकाला टेकवलेल्या हलक्या मशिनाचं बटण कालपासून चालूच होतं. ते गोड आवाजात गायला लागलं.

"हे का ओरडतंय?" रेलीनने विचारलं.

"बिघडलंय ते. कुत्रा दिसला की ओरडतं. गळपट्टा काढला तरी ओरडतं."

रेलीनने नळावर टांगलेल्या गळपट्ट्याकडे पाहिलं. मग डस्टरच्या गळ्याकडे पाहिलं. मग त्याच्या पोटाकडे.

"डेस, तू खडा कशात गुंडाळला होतास?"

"सॉसेजच्या कागदात," डेस म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचं तोंड उघडं राहिलं. त्याने मशीन उचललं आणि हळूच डस्टरच्या पोटावरून फिरवलं. मशिनाने असा स्वर लावला की गुलाबांतली सगळी माथी एकदम वर आली.

जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. तो पोट धरून हसला आणि मग म्हणाला की, खडा गुळगुळीत आहे, कुत्रा धडधाकट आहे, कापाकापी नको. जेवू घाला, लक्ष ठेवा, उद्यापर्यंत येईल, नाही आला तर घेऊन या. पण समारंभ दुपारी होता. रेलीनने डस्टरला आंघोळ घातली, त्याच्या गळ्यात निळी फीत बांधली आणि त्याला गाडीत बसवलं. घरातल्या एकाही बारशाला खडा गैरहजर राहिला नव्हता, तो आजही राहणार नव्हता. पाद्रीबुवांनी कुत्र्याकडे पाहून भुवया उंचावल्या. तो घरातला सगळ्यात मौल्यवान सदस्य आहे, असं रेलीनने त्यांना अगदी गंभीरपणे सांगितलं. फोटोत विनी मध्ये आहे, तिच्या शेजारी डस्टर आहे, आणि मागे डेस चोरासारखा उभा आहे.

सोमवारी सकाळी डेस डस्टरला घेऊन गावामागच्या माळावर गेला. एका हाती दोर, दुसऱ्या हाती हलकं मशीन, खिशात खुरपं आणि रबरी हातमोजे. कुत्रा एका झुडपामागे जाऊन आला. डेसने पुढे होऊन मशीन फिरवलं आणि ते गायलं. एवढ्या वर्षांनी परत धंद्यात उतरल्यावरचा हा त्याचा पहिला खडा. घरी येऊन त्याने तो तीनदा उकळत्या पाण्यात धुतला. रेलीनने चौथ्यांदा धुतला, आणि संध्याकाळी तो विनीच्या गळ्यात गेला. डेसने तिचा पापा घेतला, पण जरा लांबूनच.

महागडं मशीन त्याने ग्लेनिसला परत केलं आणि हलकं विकत घेतलं. कसं निवडलंस म्हणून तिने विचारलं, तेव्हा त्याने सगळं खरं सांगितलं. ती डोळा मिचकावून म्हणाली की, कळलं, जागा नको सांगूस.

आता डेस रोज माळावर जातो आणि रेलीनला साखर जागेवर सापडते. एकच अडचण आहे. तो सोमवारी कुत्रा घेऊन माळावर गेला आणि सोनं घेऊन परत आला, हे मर्व्हने कुंपणावरून पाहिलं होतं, आणि सोन्याची जागा कुत्र्यालाच ठाऊक आहे असं गावाने ठरवलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी गावातलं कुणी ना कुणी म्हातारं माणूस दारात उभं असतं, तोंड पाडून, आणि म्हणतं, "डेस, तू दमत असशील. आज डस्टरला मी फिरवून आणू का?" आणि प्रत्येकाच्या मागच्या खिशातून खुरप्याची मूठ डोकावत असते.