पहिल्या थेंबाचा मान

एका जंगलात, मुलांनो, एक प्रयोगशाळा होती. होती म्हणजे काय, वडाच्या ढोलीत एक टेबल आणि टेबलावर एक यंत्र, एवढंच. पण साता समुद्रांपलीकडे शिकून आलेल्या रेवा पाणमांजरीला ती ढोली राजवाड्याहून मोठी वाटे.

त्या वर्षी पाडसांना विचित्र ताप येत होता. ठिपकाबाई चितळीण ढोलीशी येऊन विचारायची, "पोरी, माझ्या बाळाला झालंय तरी काय?"

"आज कळेल, मावशी. त्याच्या रक्तातून डीएनए काढलाय. तो चाचणीत नेमका मोजून घालायचा. कमी पडला तर रोग दिसत नाही, जास्त झाला तर चाचणी गुदमरते."

मोजायची रीत सोपी. यंत्रावर थेंब ठेवायचा. तो जितका उजेड अडवेल, तितका त्यात डीएनए. पण सगळ्यांत आधी कोरा थेंब दाखवायचा, डीएनए नसलेला, नुसत्या पाण्याचा. त्याला शून्य धरून यंत्र पुढचं मोजतं.

रेवा कोरा थेंब ठेवणार, इतक्यात वाघमहाराज उद्घाटनाला आले. मागोमाग तरस प्रधान आणि हत्तीसकट सगळा दरबार.

"थांब!" तरस ओरडला. "पहिला मान महाराजांचा. आधी त्यांचा थेंब!"

"प्रधानजी, आधी कोरा..."

"महाराजांच्या आधी साधं पाणी? शिकून आलीस की बिघडून?"

झालं. महाराजांची लाळ घेतली, तिच्यातून डीएनए काढला आणि तोच पहिला ठेवला. यंत्राने महाराजांना शून्य धरलं. मग पाडसाचा थेंब ठेवला. आकडा आला, उणे चाळीस. हत्तीचा ठेवला. उणे तीस.

"वा!" तरस नाचायला लागला. "महाराजांपुढे हत्तीसुद्धा उणा! काय प्रामाणिक यंत्र आहे!"

"अहो, उणा डीएनए असतो का कुठे?" रेवा कळवळून म्हणाली. "पाडसाचं औषध यावर ठरायचंय."

"पाडसाचं बघू पुढच्या उद्घाटनाला."

 ठिपकाबाईने रेवाकडे पाहिलं.

रेवाने खूप पुस्तकं वाचली होती. यावर उपाय एकातही नव्हता. तिने एक क्षण डोळे मिटले. मग कोऱ्या पाण्याची कुपी उचलली, तिला झेंडूचा हार घातला आणि वाकून म्हणाली, "महाराज, आपण रोज कुठे येणार? ही आपली प्रतिनिधी. यापुढे पहिला थेंब हिचाच."

"आत काय आहे?" महाराजांनी विचारलं.

"आपलं तेज. इतकं शुद्ध, की डोळ्यांना दिसत नाही."

महाराजांनी कुपी हुंगली. वास नाही, रंग नाही. "हं," ते मिशा फुलवून म्हणाले, "आहे खरं माझंच."

सगळा दरबार कुपीपुढे वाकला. कोरा थेंब यंत्रावर चढला. पाडसाचा आकडा नीट आला, चाचणी जमली, ताप कसला ते कळलं. आठवड्याभरात ते पाडस ठिपकाबाईच्या डोक्यावरून उड्या मारायला लागलं.

दवंडी पिटली गेली, की महाराजांच्या तेजाने पाडसं बरी झाली. शेजारच्या जंगलांतून तेजाला मागणी आली. रेवाने हसत हसत कुप्या भरल्या. पाहता पाहता पाच जंगलांत मोजमाप बिनचूक होऊ लागलं.

तात्पर्य: खरं बोलावं, नेमकं मोजावं आणि कुणापुढे वाकू नये, असं मोठ्या शाळांत शिकवतात. बरोबरच आहे ते, मुलांनो. फक्त सगळा दरबार शून्यापुढे वाकवता आला, तर हिशेब लवकर जुळतो.