नोंद न केलेली पाहुणी

बायको लेकीच्या बाळंतपणाला समुद्रापलीकडे बालिकपापानला गेली ती परतेचना, तेव्हा मी एक मासा पाळायचं ठरवलं. एकच, लहानसा. संध्याकाळी चहा पिताना समोर काहीतरी हलताना दिसावं, एवढीच माझी अपेक्षा होती. (पंखाही हलतो, पण त्याच्याशी किती बोलणार?)

जाताना लास्मिनी म्हणाली होती, "बाळानं मान धरली की येते." बाळानं मान धरली. मग ते पालथं पडायला लागलं, मग बसायला लागलं, आता त्याला दात येताहेत. आठवड्यातून एकदा फोन यायचा आणि त्यात मला बहुतेक वेळा बाळाचे पाय दिसायचे. मी वॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेला कारकून. तिकडे निदान लोक भांडायला तरी यायचे.

आमच्या बान्युवांगीत, म्हणजे जावा बेटाच्या पूर्व टोकाला, जेट्टीच्या रस्त्यावर राकिमचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. मी मासा मागितला, तर त्यानं एक झाकणाची बरणी पुढे केली. आत वीतभर लांबीची कोळंबी होती. हिरवं अंग, लाल पाय आणि देठांवर बसवलेले दोन डोळे. एक डोळा माझ्याकडे होता आणि दुसरा दाराकडे. मी बोलत असताना लास्मिनी अगदी असंच बघते. मी जागीच विरघळलो.

"मँटिस श्रिंप म्हणतात हिला," राकिम म्हणाला. "काका, ही मुक्का मारते. शिंपला फुटतो, बोट फुटतं. माझ्या टाकीतला सगळा माल हिनं खाल्ला. हिला एकटीलाच ठेवायचं."

"अरेरे. एकटीलाच?"

"अरेरे काय त्यात? तिला आवडतं एकटं राहायला."

असं कोणाला आवडतं का? राकिमला स्वतःच्या सहा पोरांमधून दुकानात पळून यावं लागतं, त्याला काय कळणार! मी काचेची टाकी, वाळू, दगड आणि दोन कॅन समुद्राचं पाणी असं सगळं रिक्षात घालून घरी आलो. तिचं नाव ठेवलं वुलान.

वुलाननं घरात पाऊल टाकलं आणि ती दगडामागे गडप झाली. मी प्लास्टिकची नळी आणून ठेवली, राहायला. तिनं ती वाळूत गाडली. नारळाची करवंटी ठेवली, तर तिचे दोन तुकडे केले. रात्रंदिवस नुसती टक् टक्. मला वाटलं, नवी जागा आहे, बावरली असेल. ओळखीपाळखी झाल्या की रुळेल. म्हणून मी तिला शेजार आणला. दोन खेकडे आणि एक गोगलगाय, अगदी गरीब स्वभावाची. आमच्या गल्लीत नवीन माणूस राहायला आला की तो शेजाऱ्यांना भाताचे डबे वाटतो. हिनं संध्याकाळपर्यंत शेजारच जेवून टाकला.

तरी मी हरलो नाही. रोज संध्याकाळी खुर्ची टाकीपुढे ओढायची आणि तिला समजावत बसायचं. "बाहेर ये ना गं. इथं कोण खातंय तुला? जागा लहान पडते का? मोठी घेऊ. माझ्यावर राग आहे का?" आणि मग आतून टक्!

आमची आणि सुपियावहिनींची भिंत एकच आहे, हे मी विसरलो होतो. भाजीच्या गाडीवर त्यांनी मला गाठलं.

"भाऊ, हल्ली रोज शिंपल्या घेता. तुम्हाला तर त्यांनी पित्त होतं."

"माझ्यासाठी नाहीत हो. ती दुसरं काही खातच नाही."

"अस्सं. आणि दिसत कशी नाही कधी?"

"लाजते. त्यातून तापट. काल करवंटी फोडली." मनातलं बोलायला कुणीतरी भेटलं म्हणून मी जरा वाहवलोच. "पण खरं सांगू वहिनी, घरात कुणीतरी आहे एवढ्यानंही बरं वाटतं."

वहिनींनी मिरच्या तशाच टाकल्या आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीप्रमुख पोनिरान दारात हजर. बसायलाही तयार नाही.

"भाऊ, तुमच्याकडे कोणी राहायला आलंय म्हणे?"

"आलंय."

"मग कळवलं का नाहीत? पाहुणा आला की चोवीस तासांत कळवायचं, हे तुम्हीच ऑफिसात बसून आम्हाला दटावत होतात."

"तिचं काय कळवायचं? तिच्याकडे एकही कागद नाही."

पोनिरानचा चेहरा उतरला. "आणली कुठून?"

"राकिमकडून. बरणीतून."

हे ऐकून तो बसला. मी त्याला टाकीपुढे नेलं. दगडाच्या फटीतून दोन डोळे तेवढे दिसत होते. पोनिरान असा हसत सुटला की त्याला पाणी द्यावं लागलं. हसणं ओसरल्यावर तो डोळे पुसत म्हणाला, "पण भाऊ, घोटाळा झालाय. सुपियावहिनींनी सकाळीच बालिकपापानला फोन केलाय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. लास्मिनीचा मेसेज होता: "उद्या दुपारी पोचते. एक शब्द बोलू नका."

एक फोटो पाठवला असता तर सगळं मिटलं असतं. मी फोटो काढलाही. चांगला आला होता, दोन्ही डोळ्यांसकट. पण पाठवला नाही. ती येत होती. माझ्यावर चिडून का होईना, पण येत होती.

"मी कळवू का लास्मिनीवहिनींना?" पोनिराननं विचारलं.

"राहू दे. उगाच फोनला पैसे पडतात."

फोनला पैसे पडत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. जाताना माझ्या खांद्यावर हात तेवढा ठेवून गेला.

मी घर झाडलं, चादर बदलली, तिला आवडतात म्हणून केळीच्या पानातले मासे आणून ठेवले. लास्मिनी आली ती चप्पल न काढताच आत शिरली. झोपायची खोली पाहिली, न्हाणीघर पाहिलं, कपाट उघडून पाहिलं.

"कुठंय ती?"

मी टाकीकडे बोट दाखवलं. ती वाकली. आणि इतके दिवस मला शेपटीचं टोकही न दाखवणारी वुलान दगडामागून थेट बाहेर आली आणि दोन्ही डोळे लास्मिनीवर रोखून उभी राहिली. (माझ्या वाट्याला नेहमी एकच आला होता.)

"ही?"

"हीच."

"मग साधा फोटो पाठवता येत नव्हता?"

"येत होता," मी म्हणालो.

लास्मिनीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग काहीतरी करायला हवं म्हणून तिनं अंगठीनं काचेवर टिचकी मारली. वुलाननं आतून उत्तर दिलं. काच वरपासून खालपर्यंत तडकली आणि अर्धा समुद्र आमच्या सतरंजीवर आला.

"बादली आणा! उभे काय राहिलात!"

मी बादली आणली, ती स्वयंपाकघरातून पाण्याचा मातीचा घडा घेऊन आली. उरलेलं पाणी, दगड आणि वुलान असं सगळं बादलीत ओतलं, घडा त्यात आडवा केला. वुलान सरळ घड्यात शिरली, तोंडाशी एक दगड ओढून घेतला आणि टकटक थांबली.

"कोणाला असं उजेडात, दोन्हीकडून उघड्या नळीत राहायला आवडेल?" वाळूतली नळी उपसत लास्मिनी म्हणाली. "अंधार लागतो आणि एकच दार लागतं."

मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून फरशी पुसत राहिलो. ती मला बोलत होती, न थांबता. त्या अख्ख्या वर्षात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

ती आठवडाभर राहिली. जाड प्लास्टिकची नवी टाकी आणली, त्यात घडा बसवला, आणि मग बाळाला ताप आला म्हणून ती परत गेली.

पण आता फोन रोज येतो, संध्याकाळी, चहाच्या वेळेला. मी दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि टाकीपुढे खुर्ची ओढून, टाकीकडे पाठ करून बसतो. पडद्यावर लास्मिनी दिसते, तिच्या मांडीवर बाळ दिसतं, दोघंही माझ्याकडे बघून हसतात.

"अहो," ती म्हणते, "जरा डावीकडे सरका. तुमच्या डोक्यामागे ती दिसत नाहीये."