फुलटाइम कुंदा

आमचा कूलर शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा शेजारची कुंदा रोज संध्याकाळी विचारपूस करायला यायची. दारातूनच म्हणायची, "कसा आहे आता?" पहिल्या दिवशी बायकोला वाटलं, मुलाच्या तापाची चौकशी आहे. ती म्हणाली, "बरा आहे." कुंदाचा चेहरा पडला.

"म्हंजे त्याच्या गवताच्या ताट्या यंदा निघत नाही म्हना!"

ताट्या तिला चित्रासाठी हव्या होत्या. कुंदा चित्रकार आहे. मात्र रंग ती सर्वांत शेवटी लावते, तेही जागा उरली तर. आधी फाटकी लुगडी, धानाचा कोंडा, तळ्याची माती, गंजका पत्रा असं काहीबाही चिकटवते, शिवते, ठोकते. आमच्या गल्लीत कोणी काही फेकायला निघालं की ती समोर उभी. "फेकू नोका जी, मले द्या."

पूर्वी ती माझ्यासोबत लाखांदूरच्या एका खासगी शाळेत चित्रकला शिकवायची. एक दिवस तिने राजीनामा दिला. हेडसरांनी कारण विचारलं.

"मले फुलटाइम व्हायचं आहे."

"तुम्ही इथं फुलटाइमच आहात, मॅडम."

"इथं नाही जी. तिकडे." तिने हात हवेत उंच फिरवला. हेडसरांना वाटलं, बाई संन्यास घेऊन राहिल्या. त्यांनी हात जोडले आणि जूनपर्यंत जागा रिकामी ठेवतो म्हणाले.

तेव्हापासून काय करता असं कोणीही विचारलं की तिचं एकच उत्तर: "फुलटाइम आहो." पवनीहून तिला पाहायला पाहुणे आले, तेव्हाही हेच. पाहुणे समजुतीने हसले. जमत आलं होतं. पण मुलाची आई पाणी प्यायला वाकली आणि कुंदाची नजर तिच्या पदरावर गेली.

"आत्याबाई, हा काठ लय सुंदर आहे. लुगडं फाटलं की मले द्याल का?"

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. तिचे वडील, जयरामकाका, दिवसभर बोलले नाहीत.

तसेही ते कमीच बोलायचे. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. गावातली माणसं इकडेतिकडे पुनर्वसनात विखुरली. काकू नवीन जागी फार दिवस राहिल्या नाहीत, वारल्या. मग काका लेकीजवळ येऊन राहिले. कुंदा मात्र रविवारी एस.टी.ने त्या जुन्या शेजाऱ्यांकडे जायची. त्यांच्याकडे तिची मागणी जरा वेगळी असायची. "काहीही द्या, पन तिकडून आनलेलं द्या." पिशव्या भरून परत आली की काका चिडायचे. "शिकलीसवरली पोरगी, अन् चिंध्या गोळा करून राहिली!"

उन्हाळ्यात तिला नागपूरच्या एका प्रदर्शनात जागा मिळाली. काकांनी बजावलं, "तिथं काही झालं नाही, तं जूनमध्ये शाळेत जायचं." एरवी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारी कुंदा नुसती "बरं" म्हणाली. मला ते बरं वाटलं नाही.

सर्वांत मोठं चित्र दाराएवढं होतं. ते एस.टी.त चढवायला मी सोबत गेलो. कंडक्टरने खालून वर पाहिलं.

"हे काय आहे?"

"चित्र."

"बसते का उभं राहते?"

"उभं राहते."

"मंग मागं जाऊ द्या."

नागपूरपर्यंत कुंदा त्या चित्राला धरून उभी राहिली. रिकामी सीट असून.

प्रदर्शनात लोक यायचे, मान तिरपी करून पाहायचे, पुढे जायचे. शेवटच्या दिवशी मी जयरामकाकांना घेऊन गेलो. ते मोठ्या चित्रासमोर थांबले. मग एका हिरव्या काठावर बोट ठेवलं.

"हे गोमाबाईचं लुगडं." बोट सरकलं. "हे नानाच्या छपराचं कवेलू. इथून पानी भराले बोडीकडे वळायचं..."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ती त्यांच्या गावची गल्ली होती. ज्या घराचं जे मिळालं, ते त्या घराच्या जागी.

"बाबा, हात लावू नका," तिथला माणूस ओरडला.

"लावू द्या त्यायले," कुंदा म्हणाली.

काका गल्लीच्या टोकाशी आले. तिथे कोरी जागा होती.

"हे तं आपलं घर. रिकामं काहून ठेवलं? साऱ्या गावाजवळ मागितलं, माह्याजवळ नाही मागितलं?"

कुंदा खाली पाहत म्हणाली, "त्या घराचं नाव काढलं का तुम्ही जेवत नाही, बाबा."

मागे उभ्या असलेल्या एक डॉक्टरीणबाई हे ऐकत होत्या. त्यांनी तेच चित्र विकत मागितलं. कुंदाने वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "देऊन टाक. पान्यात जान्यापरीस भिंतीवर गेलेलं बरं." त्या बाईंच्या ओळखीने पुढे आणखी कामं आली. जूनमध्ये शाळेने दुसरी शिक्षिका घेतली.

प्रदर्शनाच्या त्या शेवटच्या दिवशी परतीच्या एस.टी.त काका माझ्या शेजारी खिडकीशी बसले होते, कुंदा पलीकडच्या सीटवर. हात मोकळे झाल्यामुळे ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. उमरेड मागे पडलं तेव्हा काकांनी विचारलं, "आपलं गाव कोनत्या खोलीत लावतील वं?"

"हॉलमध्ये म्हने."

"उजेड येते का तिथं?"

"येते. मोठी खिडकी आहे."

काकांनी मान हलवली. थोड्या वेळाने, बाहेर पाहतच, म्हणाले, "आपल्या घरी सकाळचं ऊन पार चुलीपावतर यायचं. तुही माय तिथंच बसून..."

ते थांबले. मी उठून कुंदाला जागा दिली. ती त्यांच्या अगदी जवळ येऊन बसली.

"सांगा ना, बाबा," ती म्हणाली.